विश्लेषण : खऱ्या गांडुळाला बंदी, दोऱ्याच्या गांडुळाला परवानगी! ‘सॅन हुआन वर्म’ कसं बांधतात आणि ट्राउट त्याला का फसतो?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात नवाहो धरणाच्या खाली सॅन हुआन नदीचा साधारण सात किलोमीटरचा एक पट्टा आहे. तिथे गळाला जिवंत गांडूळ लावून मासा पकडणं बेकायदा आहे. तेच गांडूळ लाल दोऱ्याचं असेल तर मात्र कुणाची हरकत नसते. अट एवढीच की, गळाचं आतलं उलटं टोक दाबून सपाट केलेलं हवं आणि पकडलेला मासा परत पाण्यात सोडायला हवा. न्यू मेक्सिकोत अशा कडक नियमांच्या पाण्याला ‘लाल मिरची’चं पाणी म्हणतात, सैल नियमांच्या पाण्याला ‘हिरवी मिरची’चं. (मिरचीवर इतकं प्रेम असलेलं राज्य आपल्याला परकं वाटायचं कारण नाही.)

या दोऱ्याच्या गांडुळाचं नाव ‘सॅन हुआन वर्म’. १९७०च्या दशकात याच नदीवर ते नावारूपाला आलं आणि आज ट्राउट मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक देशातल्या मासेमाराच्या डबीत सापडतं. एक गळ, थोडा दोरा, बोटाएवढी मखमली दोरी आणि एक लायटर, एवढ्यात ते तयार होतं. पण ते चालतं का, हे समजायला आधी धरणाकडे जावं लागतं आणि मग चिखलात उतरावं लागतं.

‘फ्लाय’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे गळ टाकणारा माणूस गळाला गांडूळ, कणकेची गोळी किंवा कोळंबीचा तुकडा लावतो, वर शिशाचं वजन बांधतो आणि दोरी भिरकावतो. शिसं पुढे जातं, दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं आहे. आमिष पिसं, केस आणि दोऱ्याचं असतं. त्याला वजन जवळपास नसतंच, त्यामुळे ते फेकलं तर हातभरही जाणार नाही. म्हणून इथे दोरीच जाड आणि वजनदार असते. लवचीक काठी मागेपुढे करून ती दोरी हवेत लांबवली जाते आणि तिच्या टोकाला जोडलेल्या बारीक नायलॉनवरचं आमिष तिच्यामागून पाण्यावर जाऊन पडतं.

फ्लाय म्हणजे माशी. सुरुवातीला पाण्यावर बसणाऱ्या माश्यांचीच नक्कल व्हायची. पुढे पाण्याखालच्या अळ्या, छोटे मासे, झिंगे, सगळ्यांच्या नकला झाल्या, पण नाव तेच राहिलं.

वाळवंटात ट्राउट आला कुठून?

सॅन हुआन नदी कोलोरॅडो राज्यातल्या डोंगरात उगम पावते, न्यू मेक्सिकोतून वळसा घेते आणि पुढे युटा राज्यात कोलोरॅडो नदीला मिळते. धरणाआधी ही गढूळ नदी होती. डोंगरावरचा बर्फ वितळला की तांबडा पूर यायचा आणि उन्हाळा सरताना पाणी आटून कोमट व्हायचं. ट्राउटला असं पाणी मानवत नाही. त्याला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं.

१९५६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कोलोरॅडो खोऱ्यातल्या साठवण धरणांना मंजुरी दिली. त्यातलं नवाहो धरण १९६२ मध्ये पूर्ण झालं. हे मातीचं धरण आहे, उंची ४०० फुटांच्या थोडी वर. आता शाळेतलं विज्ञान आठवा : पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्यामुळे खोल जलाशयात उन्हाने तापलेलं हलकं पाणी वर तरंगतं आणि थंड पाणी तळाशी बसून राहतं. धरणातून सोडलं जातं ते खोलवरचं पाणी. म्हणून वर रखरखीत ऊन असलं तरी धरणाखालची नदी बारा महिने गारठलेली असते. नुसते पाय टाकून उभं राहिलात तर थोड्या वेळात ते बधिर होतात.

दुसरी गोष्ट गाळाची. वरून येणारा गाळ जलाशयातच अडतो आणि खाली जवळपास नितळ पाणी येतं. नितळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचतं, तिथे शेवाळ आणि पाणवनस्पती माजतात. पूर्वीसारखे पूर येत नाहीत, त्यामुळे बाजूच्या कोरड्या ओढ्यांमधून पावसात वाहून आलेला बारीक चिखल धुऊन जात नाही. तो वनस्पतींच्या मुळांशी साचून राहतो. स्थिर पाणी, मऊ चिखल आणि कुजणारा पाला म्हणजे गांडुळांसाठी पाचही बोटं तुपात.

या नदीत मिळणारा रेनबो ट्राउट मुळात पॅसिफिक किनाऱ्याकडचा, ब्राउन ट्राउट युरोपातला. दोघेही माणसाने आणून सोडलेले. नदीचं तापमानही माणसाने बदललेलं. या साऱ्या मांडणीत कुणी न बोलावता आपणहून मुक्कामाला आलेलं एकच, ते चिखलातलं गांडूळ.

याची किंमत मूळच्या माशांनी मोजली. कोलोरॅडो पाइकमिनो आणि रेझरबॅक सकर या खोऱ्यातल्या मूळच्या जाती कोमट, गढूळ आणि पूर येणाऱ्या पाण्याला सरावलेल्या होत्या. आज दोन्ही संकटग्रस्त यादीत आहेत. त्यांच्यासाठी १९९०च्या दशकापासून वसंत ऋतूत, पाणी पुरेसं असेल तेव्हा, धरणातून मुद्दाम मोठा विसर्ग सोडून जुन्या पुराची नक्कल करण्यात येते. एरवी काही शे क्युसेक वाहणारी नदी तेव्हा ५,००० क्युसेकच्या आसपास जाते. पावसाळ्यात मोबाइलवर खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे बघणाऱ्यांना हा फरक सांगायला नको.

पाणी असं वाढलं की तळ ढवळतो आणि चिखलातली गांडुळं उपटून प्रवाहात येतात. त्यांना पोहता येत नाही. वेटोळी घालत, लांब होत ती वाहत जातात आणि खाली दबा धरून बसलेल्या ट्राउटची चंगळ होते. एरवी या नदीतले मासे तांदळाच्या दाण्याहून लहान अळ्या खाऊन पोट भरतात. त्यांच्यासमोर दोन इंचांचं गांडूळ येणं म्हणजे फुटाण्यांच्या पुडीत अख्खा बटाटेवडा निघाल्यासारखं आहे.

गांडूळ लाल का असतं?

पाण्यातली गांडुळं बागेतल्या गांडुळांचीच भावंडं, फक्त बारीक. त्यातलं एक तुमच्या ओळखीचं असण्याची शक्यता आहे. घरात फिश टँक असेल तर दुकानातून आणलेली लालसर, वाळवलेली चौकोनी वडी आठवा. ते ट्युबिफेक्स. हे गांडूळ डोकं चिखलात खुपसून, शेपूट पाण्यात वर काढून हलवत राहतं. ही हालचाल श्वास घेण्यासाठी असते.

चिखलात प्राणवायू फार कमी असतो. तिथे जगायचं तर मिळेल तो प्राणवायू पकडून धरणारं काहीतरी रक्तात हवं. ट्युबिफेक्सच्या रक्तात हिमोग्लोबिनच्या जातीचं लाल रंगद्रव्य भरपूर असतं. आपल्या रक्तात ते पेशींमध्ये असतं, यांच्या रक्तद्रवात थेट विरघळलेलं असतं. कातडी पातळ आणि जवळपास पारदर्शक, त्यामुळे आतला लाल रंग बाहेर दिसतो. म्हणूनच घाण पाण्याच्या नाल्यात, जिथे दुसरं काही टिकत नाही, तिथेही ही गांडुळं गुच्छाने दिसतात.

सगळी गांडुळं लालभडक नसतात. गुलाबी, तपकिरी, मातकट अशाही छटा असतात आणि अनुभवी माणसं नदीतला चिखल हातात घेऊन, आत काय वळवळतंय ते बघून दोरीचा रंग ठरवतात. हे मला सगळ्यांत पटलेलं तंत्र आहे : आधी मोजमाप, मग डिझाइन.

बांधायचं कसं?

लागणारी मखमली दोरी म्हणजे शनील. हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ सुरवंट. मधे दोऱ्याचा गाभा आणि चारी बाजूंनी दाट लव, त्यामुळे दोरी खरोखरच सुरवंटासारखी दिसते. पण शोभेच्या वस्तूंसाठी मिळणारी जाड, भुसभुशीत शनील इथे उपयोगाची नाही. तिची लव दोन माशांत गळून जाते. फ्लाय बांधणारे वापरतात ती ‘अल्ट्रा शनील’ किंवा ‘व्हर्निल’. ती बारीक आणि घट्ट विणीची असते आणि तिचं टोक आचेवर आखडून निमुळतं होतं. शेवटची पायरी याच गुणावर अवलंबून आहे.

गळ ८ ते १६ क्रमांकांमधला घ्या. आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. गळाची दांडी सरळ चालते, किंचित वाकडीही चालते. वाकड्या दांडीवर गांडूळ वळवळल्यासारखं दिसतं, म्हणून अनेकांना ती आवडते. सर्वांत आधी पक्कडीने आतलं उलटं टोक दाबून टाका. हे काम शेवटी ठेवलं आणि गळ तुटला, तर सगळी मेहनत पाण्यात जाते.

गळ छोट्या व्हाइसमध्ये वाकणाच्या जागी पकडायचा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फाइलिंग केलेल्यांना व्हाइसची तोंडओळख असतेच, हा फक्त त्याचा नातू. लाल दोरा बॉबिनवर घ्या. गळाच्या डोळ्याच्या थोडं मागे सुरुवात करून पाच-सहा वेढे दोऱ्याच्याच टोकावर द्या, म्हणजे तो गाठीशिवाय घट्ट बसतो. उरलेलं टोक कापा आणि वेढ्याला वेढा लावत वाकणापर्यंत मागे जा. हा थर वगळावासा वाटतो, पण वगळू नका. गुळगुळीत पोलादावर शनील घसरते, दोऱ्याच्या थरावर घसरत नाही. वजन हवं असेल तर त्याआधी टंगस्टनचा मणी ओवायचा किंवा दांडीवर बारीक तार गुंडाळायची.

आता साधारण दोन इंच शनील दांडीवर ठेवा. मागे लोंबणारा भाग दांडीएवढा किंवा किंचित जास्त हवा. वाकणाशी चार-पाच घट्ट वेढ्यांनी ती बांधा. पुढचा भाग वर उचला आणि त्याच्याखालून दोरा डोळ्याच्या मागे आणा. मग शनील पुन्हा दांडीवर आडवी टाका. ओढून ताणू नका, ढिलीही सोडू नका. पुढेही चार-पाच वेढे द्या. गांडूळ आता दोन ठिकाणी बांधलं गेलं आणि त्याची दोन्ही टोकं मोकळी राहिली.

शेवटची गाठ जरा वेगळी. तिला व्हिप फिनिश म्हणतात. दोऱ्याचे वेढे त्याच्याच टोकावरून द्यायचे आणि मग ते टोक वेढ्यांच्या खालून ओढून घ्यायचं. क्रिकेटच्या बॅटची मूठ दोऱ्याने बांधतात तेव्हा टोक असंच आत गडप होतं. पुढची शनील बोटाने मागे धरा, डोळ्याच्या मागे ही गाठ घ्या, दोरा कापा आणि गाठीवर वार्निशचा किंवा गोंदाचा बारीकसा थेंब सोडा. थेंब डोळ्यात गेला तर नदीकाठी नायलॉन ओवताना फार शिव्या निघतात. थेंब ओला असतानाच सुईने डोळा मोकळा करून घ्या.

आता लायटर. शनीलचं कापलेलं टोक बोथट दिसतं, गांडुळाचं टोक निमुळतं असतं. ज्योतीत टोक घालायचं नाही. ज्योतीच्या बाजूने, निळ्या भागाजवळून, ते क्षणभर फिरवून काढायचं. आच लागली की लव गाभ्याकडे आखडते आणि टोक टोकदार होतं. एका क्षणात झालं नाही तर पुन्हा करा. घाई केली की काळा, कडक गोळा तयार होतो आणि तो हाताला चिकटला तर चांगलाच भाजतो. गाठीवरचा गोंद सुकलेला असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा.

नवशिक्यांची टोकं बहुतेकदा लांब होतात. लांब शेपूट पाण्यात छान वळवळतं, पण मासा फक्त शेपटाला चावा घेऊन जातो आणि गळ त्याच्या तोंडाबाहेरच राहतो. शिवाय ते गळाभोवती गुंडाळलं जातं. शंका आली तर आखूड ठेवा.

काहीजण शनील दांडीच्या मधोमध एकाच ठिकाणी बांधतात आणि तिथे दोऱ्याचा रुंद पट्टा करतात. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर जाडसर पट्टा असतो, त्याची ही नक्कल. अलीकडे शनीलऐवजी रबरासारखी ताणली जाणारी लिबलिबीत दोरीही वापरतात. तिचं नाव ‘स्क्वर्मी’. ती पाण्यात जास्त हलते, पण बांधताना दोरा जरा जोरात ओढला की तो तिला सुरीसारखा कापतो.

पाण्यात हे गांडूळ ओढायचं नसतं. खरं गांडूळ प्रवाहाविरुद्ध जात नाही, त्यामुळे दोऱ्याचं गांडूळही तळाजवळून, पाण्याच्या वेगाने, आपसूक वाहत जायला हवं. वर पाण्यावर एक छोटा तरंगता गोळा लावतात. तो अडखळला की काठी उचलायची. अनेकदा खाली दगड असतो, कधीतरी ट्राउट.

मग ही ‘फ्लाय’ मानायची का?

यावर मासेमारांत कडाक्याचा वाद आहे. गांडूळ हा कीटक नाही, त्याला पंख नाहीत. मग दोऱ्याचं गांडूळ आणि शाळकरी पोराच्या गळावरचं गांडूळ यात फरक काय, असा नाकं मुरडणाऱ्यांचा सवाल असतो.

वाद नवा नाही. इंग्लंडमध्ये १९व्या शतकाच्या शेवटी फ्रेडरिक हॅलफर्ड आणि त्यांच्या अनुयायांना पाण्यावर तरंगणारी माशीच काय ती सभ्य वाटायची. १९१० मध्ये जी. ई. एम. स्क्यूज यांनी पाण्याखालच्या अळ्यांच्या नकलेचा पुरस्कार करणारं पुस्तक लिहिलं, तेव्हा बरंच वादळ उठलं. आज त्या अळ्यांना कुणी नावं ठेवत नाही.

माझ्या मते फरक माशाच्या बाजूने बघावा. जिवंत गांडुळाला वास आणि चव असते, त्यामुळे मासा ते गिळतो आणि गळ घशात किंवा पोटात रुततो. असा मासा परत सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही. दोऱ्याचं गांडूळ तोंडात घेताच ते खाणं नव्हे हे त्याला कळतं आणि तो ते थुंकायला बघतो. गळ लागलाच तर बहुतेकदा जबड्याच्या कडेला लागतो आणि उलटं टोक नसल्यामुळे सहज निघतो. मासा सोडूनच द्यायचा असेल तर वर सांगितलेला नियम यामुळे योग्य ठरतो. बाकी सभ्यतेचं ज्याचं त्याने ठरवावं.

ज्या गांडुळाची नक्कल, त्याच्याच पोटात रोग?

‘व्हर्लिंग डिसीज’ नावाचा ट्राउटचा एक रोग आहे. मासा भोवऱ्यासारखा स्वतःभोवती गरगर फिरतो, शेपूट काळं पडतं, डोकं आणि कणा वाकडा होतो. १९व्या शतकाच्या अखेरीस तो जर्मनीत लक्षात आला आणि १९५०च्या दशकात अमेरिकेत पोहोचला. कारण ठरणारा परजीवी माहीत होता : मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस. पण रोगी माशातून काढलेले त्याचे बीजाणू निरोगी माशांना दिले तर ते आजारी पडत नव्हते. मधली कडी कुठेतरी निसटत होती.

ती कडी केन वुल्फ आणि मारिया मार्कीव या शास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये जाहीर केली : ट्युबिफेक्स. मेलेल्या माशातले बीजाणू चिखलात पडतात आणि गांडूळ ते खातं. त्याच्या आतड्यात परजीवी पूर्ण वेगळं रूप घेतो. जहाजाच्या तीन फाट्यांच्या नांगरासारखं दिसणारं हे रूप पाण्यात तरंगत जातं आणि ट्राउटच्या पिल्लाच्या कातडीला चिकटून आत शिरतं. तोपर्यंत ही दोन रूपं दोन वेगळ्या वर्गांतले प्राणी मानली जात होती. एकच प्राणी आहे, हे पचायला अनेक तज्ज्ञांनाही वेळ लागला.

परजीवी पिल्लांची कूर्चा खातो. मोठ्या माशात कूर्चेचं हाड झालेलं असतं, म्हणून तो बऱ्यापैकी वाचतो. पिल्लं मात्र जातात. यात गंमत अशी की, नदी वरवर ठीक दिसते. मोठे मासे गळाला लागत राहतात आणि खाली एकेक पिढी गायब होत असते. मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीत १९९४ मध्ये हा रोग सापडला, तेव्हा तिच्या एका भागातले जवळपास ९० टक्के रेनबो ट्राउट नाहीसे झाले होते. युरोपातला ब्राउन ट्राउट या परजीवीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे बराच तग धरतो. पुढे जर्मनीतल्या एका मत्स्यबीज केंद्रात या रोगाला सरावलेल्या रेनबोंची ‘होफर’ जात कोलोरॅडोने आणली आणि आपल्या माशांशी तिचा संकर करून नद्यांत सोडली. माणसाला या परजीवीपासून धोका नाही.

दोऱ्याच्या गांडुळातून रोग पसरत नाही. तो पसरतो एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेलेल्या माशांमधून आणि बुटांना चिकटलेल्या चिखलातून. गांडूळ-फ्लाय चालते ती नेमक्या चिखलाच्या, संथ कडांच्या पाण्यात, म्हणजे ती वापरणाऱ्याच्या बुटांना नेमका तोच चिखल लागतो. निसरड्या दगडांवर पाय टिकावा म्हणून या बुटांना पूर्वी नमद्याचे तळवे असत. नमदा चिखल शोषतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. मॅडिसन जिथे उगम पावते त्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने २०१८ पासून नमद्याच्या तळव्यांवर बंदी घातली आहे.

आपल्याकडे हे कुणाच्या उपयोगाचं?

महाराष्ट्रातल्या नद्या ट्राउटसाठी गरम आहेत. पण ट्राउट भारतात आहे. १९००च्या आसपास ब्रिटिशांनी तो काश्मीरमध्ये आणला आणि आज काश्मीरच्या लिद्दर नदीत, हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात तसंच दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या डोंगरात तो मिळतो. पुण्या-मुंबईहून सुटीत तिकडे जाऊन गळ टाकणारे अनेक आहेत. तिथे मत्स्य विभागाचा परवाना आधी घ्यावा लागतो आणि कोणतं आमिष चालतं, हे त्या-त्या पाण्यानुसार विचारून घ्यायचं असतं.

एका सहलीत दोन खोरी करणार असाल, तर मधे बूट स्वच्छ करायला वेळ ठेवा. चिखल ब्रशने खरवडा, बूट धुवा आणि पुढच्या पाण्यात उतरण्याआधी ते पूर्ण कोरडे होऊ द्या. लेसच्या भोकांत आणि जिभेच्या घडीत चिखल हमखास राहतो. हे सगळं पहिल्या नदीच्या काठावरच करायचं, पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलच्या न्हाणीत नाही. त्या न्हाणीचं पाणी दुसऱ्याच ओढ्याला जातं.